पाणी न घालण्याची पाळी

झाड वाढायला माती, पाणी आणि ऊन या तीन गोष्टी लागतात असं शाळेत शिकवतात. चौथी गोष्ट म्हणजे समिती. ती माणसाला मोठेपणी कळते, काहींना तर निवृत्तीनंतर, आणि मग ते उरलेलं आयुष्य तिच्यातच काढतात.

कुलूपवाल्याला ती बासष्टाव्या वर्षी कळली. तोवर त्याचं आयुष्य बिनसमितीचं आणि त्यामुळे बरंच मागासलेलं होतं. कोपऱ्यावर चार फूट रुंद दुकान, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या चारेकशे कोऱ्या किल्ल्या आणि दुकानाच्या मागच्या खोलीत मोठी बहीण, एवढाच त्याचा पसारा. बहिणीला तो आक्का म्हणे, म्हणून सगळी गल्लीही आक्काच म्हणे. आई लवकर गेली तेव्हा आक्कानेच त्याला वाढवलं, म्हणजे जेवू घातलं आणि बदडलं, दोन्ही वेळच्या वेळी. तिने लग्न केलं नाही, त्याचं टिकलं नाही. तेव्हा दोघं एकमेकांना धरून होती.

यंदा आक्काला ताप आला. तो तीन आठवडे राहिला आणि जाताना तोंडाची चव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, आता आजार असा काही उरलेला नाही, यांनी खाल्लं पाहिजे. (हे सांगायला त्यांना सात तपासण्या कराव्या लागल्या, तेव्हा ते खरंच असणार.) पण आक्का खाईना. दोन घास घ्यायची आणि ताट सरकवायची. तिच्या हातातलं घड्याळ मनगटावरून घसरत कोपरापर्यंत जायला लागलं. किती वाजले ते बघायचं तर आधी हात खाली सोडून घड्याळ परत जागेवर आणावं लागे.

काय खावंसं वाटतंय, असं तो रोज विचारी. शेवटी एका सकाळी ती म्हणाली, काकडी. पण वास येणारी, लहानपणी मागच्या दारी मी लावायचे तसली. त्याने पाच दिवसांत बाजारातून पाच तऱ्हेच्या काकड्या आणल्या. आक्काने एकेक नाकाशी धरली आणि परत दिली.

"दिसते काकडीसारखी," ती म्हणाली. "जाऊ दे. एक डबा आण, माती आण. मीच लावते."

हा सल्ला किती अशास्त्रीय होता ते त्याच आठवड्यात उघड झालं. एक बाई दुकानात किल्ली करून घ्यायला आल्या आणि जाताना पत्रक ठेवून गेल्या. पत्रकावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: 'एकट्याने उगवते ती भाजी, सर्वांनी मिळून उगवतो तो समाज.' खाली बारीक टायपात इशारा होता: 'अप्रशिक्षित व्यक्तीने डबा, बादली अथवा तत्सम भांड्यात लागवड केल्यास माती, रोप व लागवड करणारा या तिघांचेही मनोबल खचू शकते.' कुलूपवाल्याने ते दोनदा वाचलं. आक्काचं मनोबल तसंही तोळामासाच राहिलं होतं, उगाच विषाची परीक्षा कशाला? शिवाय त्या बाईंनी सांगितलं होतं की संस्थेकडे जुन्या वाणाच्या, वासाच्या काकडीचं बी आहे. त्याने जाऊन नाव नोंदवलं. आक्का, हल्ली तसं नसतं, प्रशिक्षण लागतं, असं त्याने घरी समजावून सांगितलं, तेव्हा आक्काने भिंतीकडे तोंड केलं.

संस्थेचं शेत एका तीन मजली वाहनतळाच्या गच्चीवर होतं. शेत म्हणजे अकरा लाकडी खोकी, आणि ती कसायला एकशे त्रेचाळीस स्वयंसेवक. म्हणजे दर खोक्यामागे बरोबर तेरा. (खोक्याभोवती एका वेळी सहाच माणसं उभी राहू शकत, बाकीची सात मागून पाठिंबा देत.) पत्रकवाल्या बाई संस्थेच्या समन्वयक होत्या. अध्यक्ष होते एक दातांचे डॉक्टर. मोजमापाचं खातं सांभाळत होते भूमितीचे निवृत्त मास्तर. त्यांनी अकराही खोक्यांचे कोन तपासून त्यातले दोन काटकोन नसल्याचं सिद्ध केलं होतं, आणि त्या दोन खोक्यांत तेव्हापासून काहीही लावत नसत.

प्रशिक्षण तीन रविवार चाललं. पहिल्या रविवारी 'माती: एक ओळख' या विषयावर पडद्यावर मातीची छायाचित्रं दाखवली. खरी माती सहा पावलांवर होती, पण तिला हात लावायची पात्रता दुसऱ्या रविवारनंतर यायची. दुसऱ्या रविवारी सगळ्यांनी आपापल्या मातीविषयीच्या भावना बोलून दाखवल्या. कुलूपवाला म्हणाला, मला काही विशेष वाटत नाही, मला काकडी पाहिजे. हे उत्तर समन्वयकबाईंना फार प्रांजळ वाटलं आणि त्यांनी ते फळ्यावर लिहून त्याच्याभोवती ढग काढला. तिसऱ्या रविवारी सात नंबरच्या खोक्यात प्रत्यक्ष पेरणी झाली. तेरा जणांत एक बी होतं. प्रत्येकाचा हात लागावा म्हणून ते तेराही हातांतून फिरलं, आणि नवव्या व दहाव्या हाताच्या मध्ये कुठेतरी पडलं. ते शोधण्यात जो पाऊण तास गेला त्यातून, अहवालात म्हटल्याप्रमाणे, गटबांधणी झाली.

आता पाण्याबद्दल. संस्थेच्या पहिल्या हंगामात पाणी घालण्यावर कसलंही बंधन नव्हतं, आणि स्वयंसेवक तर पाणी घालायलाच आले होते. येताजाता प्रत्येकाने एकेक तांब्या, प्रेमाने. एकशे त्रेचाळीस तांबे प्रेम मुळांना सोसलं नाही. पालक कुजला, टोमॅटो आडवे झाले, खालच्या मजल्यावर उभ्या असलेल्या गाड्या मात्र स्वच्छ निघाल्या. दुसरी एखादी संस्था असती तर स्वयंसेवक कमी करून मोकळी झाली असती. या संस्थेने कुणाचंही मन न दुखवता काम तेवढं बदललं. जे हात पाणी घालत होते तेच हात आता पाणी न घालण्याच्या कामाला लावले. या योजनेचं नाव 'जलसंयम'.

योजना सोपी होती. ठरल्या वेळी गच्चीवर यायचं, आपल्या खोक्यासमोर पंधरा मिनिटं उभं राहायचं, पाणी घालायचं नाही आणि वहीत सही करायची. वहीत रकाने होते: तारीख, वेळ, घातलेले पाणी (लिटरमध्ये), न घातल्यास कारण, मनःस्थिती. नियम सात असा होता: 'जो स्वयंसेवक रोपाकडे सदिच्छेने पाहील व एक थेंबही पाणी घालणार नाही, त्याची पाळी भरली असे समजावे.' नव्वद टक्के स्वयंसेवकांनी हे काम पाणी घालण्यापेक्षा जास्त समाधान देणारं असल्याचं कळवलं. उरलेले दहा टक्के कळवायचंच विसरले, पण तेही समाधानी असावेत.

मग पाणी घालायचं कुणी? तर तीन जणांच्या जलसमितीने. कुणी एकट्याने भावनेच्या भरात नळ सोडू नये म्हणून नळाभोवती पत्र्याची पेटी ठोकली आणि तिला तीन कुलपं लावली. एक किल्ली अध्यक्षांकडे, एक समन्वयकबाईंकडे, एक मास्तरांकडे. तिघं एकत्र आल्याशिवाय नळ सुटायचा नाही. ही तिन्ही पितळी कुलपं कुलूपवाल्यानेच आपल्या दुकानातून आणून बसवली. नोंदणी अर्जावर 'कौशल्य' या शब्दापुढे त्याने 'कुलूप' असं लिहिलं होतं, आणि संस्था कुणाचंही कौशल्य वाया जाऊ देत नसे.

मास्तर रोज पाचच्या ठोक्याला किल्ली घेऊन हजर होत आणि पाच वाजून दहा मिनिटांनी निघून जात. अध्यक्षांना पेशंटमुळे सहाच्या आत जमत नसे. समन्वयकबाई बहुतेक परगावी असत, कारण या शेतीबद्दल ऐकायला लोक फार उत्सुक होते. पहिल्या महिन्यात तिघं एकदा एकत्र आले. त्या दिवशी तिघांच्या वेळा कशा जुळवाव्यात यावर बैठक झाली आणि ती संपेपर्यंत नळाचं पाणी गेलं होतं.

कुलूपवाल्याची पाळी मंगळवारी दुपारी दोनची. मधूनमधून पडलेल्या अवकाळी सरींवर पेरलेल्या बीचा वेल झाला होता, वेलाला नऊ पिवळी फुलं आली होती (पैकी आठ छायाचित्रांसाठी तोडावी लागली), आणि एका फुलामागे करंगळीएवढी काकडी दिसायला लागली होती. पण सरी थांबल्यानंतरच्या तिसऱ्या मंगळवारी त्याने पाहिलं, तर पानं चिंध्यांसारखी लोंबत होती. माती भेगाळली होती. समन्वयकबाई नेमक्या गावात होत्या, त्यांना त्याने हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ही चिंता 'मनःस्थिती' या रकान्यात नोंदवायला सांगितली. त्याने नोंदवली. वेलाला काही फरक पडला नाही.

इथे कुलूपवाल्याच्या धंद्याचा एक नियम सांगायला हवा. त्याच्या वस्तादाने त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं: दुसऱ्याचं कुलूप उघडायचं ते मालक समोर उभा असताना, आणि उघडलं तरी आतलं उचलायचं नाही. चाळीस वर्षांत त्याने हा नियम एकदाही मोडला नव्हता. त्या मंगळवारी तो पेटीसमोर बराच वेळ विचार करत उभा राहिला. शेताचे मालक एकशे त्रेचाळीस. त्यातला एक मी. म्हणजे मालक समोर उभा आहे. नियमाचा अर्धा भाग असा पाळला गेल्यावर त्याने दुसऱ्या दिवशी आक्काच्या केसातला एक आकडा मागून घेतला. स्वतः विकलेली कुलपं उघडायला त्याला तेवढा पुरे होता.

त्या दिवसापासून तो रोज दुपारी दहा मिनिटं दुकान बंद ठेवून गच्चीवर जाऊ लागला. सात नंबरला पाणी घातल्यावर त्याला वाटलं, बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? म्हणून तो त्यांनाही घालू लागला, मास्तरांच्या त्या दोन वाकड्या खोक्यांनाही. (त्यांत गवत चांगलं आलं.) मग पेटी पहिल्यासारखी बंद करायची आणि आपल्या वारी वहीत शून्य लिहायचं. आयुष्यात तो पहिल्यांदाच खोटं लिहीत होता, आणि तेही इतक्या गोल अक्षरात.

महिन्याभरात शेत हिरवंगार झालं. संस्थेने वह्या तपासल्या. एकशे त्रेचाळीस स्वयंसेवक, सहाशे अकरा पाळ्या, घातलेलं पाणी शून्य लिटर. निष्कर्ष डोळ्यांसमोर होता. जलसंयम योजनेमुळे रोपं स्वावलंबी झाली होती. मास्तरांनी आलेख काढला. त्यावरून पाणी जितकं कमी तितकी वाढ जास्त असं दिसत होतं, आणि ती रेषा तशीच पुढे नेली तर चार वर्षांत मातीचीही गरज उरणार नव्हती. समन्वयकबाईंना आणखी पाच गावांतून भाषणाची बोलावणी आली.

एका मंगळवारी काकडी तयार झाली. वीतभर, कोवळी, अंगावर बारीक लव. कुलूपवाल्याने वाकून वास घेतला आणि त्याला एकदम मागचं दार दिसलं, ओलं अंगण दिसलं, आणि फ्रॉकच्या ओच्यात काकड्या घेऊन उभी असलेली बारा वर्षांची आक्का. गच्चीवर कुणी नव्हतं. देठ नखाने तुटला असता. पण उघडणं वेगळं आणि उचलणं वेगळं. नियमाचा उरलेला अर्धा भाग मोडायला त्याचा हात धजेना. खाली येऊन त्याने रीतसर अर्ज लिहिला: बहीण आजारी आहे, जेवत नाही, वासाची काकडी मागते, तरी सात नंबरची काकडी मिळावी.

संस्थेने नऊ दिवसांत उत्तर दिलं, म्हणजे अर्ज किती मनावर घेतला गेला ते बघा. 'आपल्या भगिनींच्या प्रकृतीबद्दल संस्थेस सहानुभूती आहे. तथापि सदर काकडी ही जलसंयम योजनेचे प्रथम फल असल्याने तिचे वाटप काढणी समारंभात सर्व स्वयंसेवकांस समान होईल. समारंभाची तारीख प्रमुख पाहुण्यांच्या सोयीनुसार कळविण्यात येईल.' प्रमुख पाहुण्यांची सोय आणखी पंधरा दिवसांनी झाली.

त्या पंधरा दिवसांत काकडी फुगली, पिवळी पडली, तिची साल जून झाली. आक्काचं घड्याळ कोपराच्या वर गेलं. मग तिने ते काढूनच ठेवलं. काकडीचं नाव तिने परत काढलं नाही, आणि कुलूपवाल्याला खरी भीती त्याचीच वाटली. रात्री तो तिचा श्वास ऐकत पडे. दिवसा जाऊन शेताला पाणी घाले, कारण आता दुसरं काय करावं ते त्याला कळत नव्हतं.

समारंभ थाटात झाला. देठाकडची आणि शेंड्याकडची टोकं आकार अनियमित म्हणून मास्तरांनी बाद केली. राहिली एकशे नव्वद मिलीमीटर. स्वयंसेवक एकशे त्रेचाळीस आणि पाहुणे नऊ, म्हणजे डोकी एकशे बावन्न. प्रत्येकी सव्वा मिलीमीटर. मास्तरांनी स्वतः, चष्मा लावून, चकत्या कापल्या. चकती उजेडाकडे धरली तर पलीकडचा माणूस दिसत होता, आणि अनेकांनी तो बघितलाही.

मग उत्कृष्ट जलसंयमी म्हणून कुलूपवाल्याचा सत्कार झाला. सात नंबरचं खोकं सगळ्यात हिरवं, तेव्हा सगळ्यात कमी पाणी त्यानेच घातलं असणार. (शून्यापेक्षा कमी कसं, असं एका पाहुण्याने विचारलं. ते नवीन होते.) दोन शब्द बोला म्हणून त्याला पुढे उभं केलं. त्याने हातातल्या चकतीकडे पाहिलं.

"पाणी मी घालत होतो," तो म्हणाला. "रोज. कुलपं उघडून. पाण्याशिवाय काही उगवत नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतका विनय आपण कुठे पाहिला नाही असं प्रमुख पाहुणे म्हणाले. तो पुन्हा तेच म्हणाला तेव्हा मात्र अध्यक्षांनी त्याला बाजूला घेतलं, वही मागवली आणि तिथल्या तिथे तातडीची बैठक बसली. वहीत त्याच्या सहीपुढे सगळीकडे शून्य होतं. तिन्ही कुलपं शाबूत होती. तिन्ही किल्ल्या तिघांच्या खिशात होत्या. सबब सदर स्वयंसेवकाने पाणी घातलेले नाही, असा ठराव एकमताने मंजूर झाला. ठरावाच्या बाजूने कुलूपवाल्याचाही हात वर गेला असं इतिवृत्तात आहे. तो खरं तर घाम पुसत होता.

लोक पांगले. टेबलावर सुरी तशीच पडली होती, कारण सुरी पुसण्याचं काम कुणाचं ते ठरलेलं नव्हतं. कुलूपवाल्याने ती रुमालाने पुसली आणि त्याच रुमालात आपली चकती गुंडाळून घरी आणली.

आक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याने रुमाल तिच्या नाकाशी धरला. तिने डोळे उघडले.

"वास आहे," ती म्हणाली. मग रुमाल उघडून बघितला. "उशीर केलास. पिकून गेली ही."

तरी चकती तिने तोंडात टाकली. ती गिळण्याइतकीही जाड नव्हती, जिभेवरच संपली. मग तिची नजर रुमालाला चिकटलेल्या बियांवर गेली. सुरीवरून पुसल्या गेलेल्या चार बिया होत्या. आक्का कोपरावर टेकून उठली. पंधरवड्यात पहिल्यांदा.

"आता तरी डबा आणशील का?"

त्याने किल्ल्यांच्या तेलाचा रिकामा डबा घासून, बुडाला भोकं पाडून आणला. माती रस्ता खोदला होता तिथून आणली, तिची ओळख करून न घेताच. आक्काने खाटेवर बसून बोटाने बिया खोचल्या. डबा दुकानाच्या पायरीवर उन्हात ठेवला. त्याला पाणी घालायला आक्काला सकाळी पायरीपर्यंत यावं लागे. पायरीपर्यंत यायला अंगात ताकद लागे. म्हणून ती आदल्या रात्री जेवू लागली, आधी कुरकुरत, मग मागून घेऊन. काकडी यायला अजून खूप अवकाश होता, पण घड्याळ तिने परत हातात घातलं, आणि एका सकाळी ते मनगटावरच राहिलेलं पाहून कुलूपवाला दुकानाच्या शटरमागे जाऊन चांगला रडून आला.

पुढे एका मंगळवारी आक्काला दिवसभरासाठी तपासणीला न्यायचं होतं. ऊन कडक होतं आणि वेलाला दुपारी पाणी लागणार होतं. कुलूपवाल्याने संस्थेला कळवलं: एका दिवसासाठी, एक माणूस, एक तांब्या. माणूस मनात अढी धरणारा नसला म्हणजे असं होतं. संस्थाही मोठ्या मनाची. सत्तेचाळीस स्वयंसेवक आले.

संध्याकाळी दोघं परतली तेव्हा वेलाने मान टाकली होती. भरलेला तांब्या डब्याशेजारी होता तसाच होता. पायरीवर नवी वही होती, तिच्यात सत्तेचाळीस सह्या, सत्तेचाळीस शून्यं आणि 'मनःस्थिती' या रकान्यात बहुतेकांनी 'हेलावून गेलो' असं लिहिलं होतं. आक्का गाडीतून उतरली, आत न जाता आधी तांब्या उचलून तिने डब्यात ओतला आणि विचारलं, एवढी माणसं कशाला आली होती? मदतीला, कुलूपवाला म्हणाला.

वेल दुसऱ्या दिवशी सावरला. वही अजून पायरीवरच आहे. तिच्यात अठ्ठेचाळिसावी ओळ रिकामी आहे आणि ती आपली आहे. गेली दहा मिनिटं आपण या वेलाकडे आणि आक्काकडे अत्यंत सदिच्छेने पाहत आहात, मध्ये एकदोनदा हेलावूनही गेलात, आणि एक थेंबही पाणी घातलेलं नाही. नियम सातप्रमाणे आपली पाळी भरली आहे. सही करा, आणि लिटरच्या रकान्यात काय लिहायचं ते आपल्याला ठाऊकच आहे.